आखाजीला गेलेला स्पीकर

मे महिन्यात खानदेशात निघालेल्या माणसाला आमच्या नाशकात एकच प्रश्न विचारतात, लग्न की मयत? मी म्हटलं, "स्पीकर." शेजारच्या काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला निघायच्या आधीच ऊन लागलंय.

तर सांगते. आमची ग्राहकांची एक छोटी संस्था आहे आणि तिचं त्याहून छोटं मासिक. मोबाइल, टीव्ही, स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांची आम्ही दरवर्षी गुणपत्रिका छापतो. आवाज कसा नि चित्र कसं हे सांगायला बाकीचं जग पडलंय. आम्ही विचारतो, वस्तू बिघडली तर दुरुस्त होते का, जुनी झाली तर कंपनी ती परत घेऊन तिची नीट विल्हेवाट लावते का, आणि ती बनवणाऱ्या, विकणाऱ्या, उचलणाऱ्या माणसांशी कंपनी कशी वागते. बरीचशी उत्तरं कंपन्यांच्या वेबसाइटवरूनच घ्यावी लागतात. तिथं काय, हिरवी पानं आणि हसणारी माणसं. शेवटी आपला तो बाब्याच.

यंदा एका कंपनीनं लिहिलं होतं, की आमच्या दुकानांतल्या हिरव्या खोक्यात टाकलेली प्रत्येक वस्तू आमची गाडी उचलते आणि गुजरातेतल्या कारखान्यात नेते, तिथं तिचा कण न् कण पुन्हा वापरात येतो. 'प्रत्येक' हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. मार्चमध्ये धुळ्याला एका लग्नाला जायचं होतं, तेव्हा घरातला बंद पडलेला स्पीकर सोबत नेला. बॅग हरवू नये म्हणून लोक आत टाकतात ती बटणाएवढी चकती त्याच्या बुडाच्या रबराखाली चिकटवली आणि तो तिथल्या हिरव्या खोक्यात टाकून आले. चकती कुठं आहे ते माझ्या फोनवर ठिपक्यानं दिसतं.

ठिपका बरेच दिवस दुकानात बसून होता. आखाजीच्या तोंडावर, म्हणजे आपण अक्षय्य तृतीया म्हणतो त्याच्या तोंडावर, तो एका संध्याकाळी उठला. गुजरात पश्चिमेला आणि हा निघाला पूर्वेला. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात काही दिवस राहिला. मग जळगाव, मग तापी ओलांडून यावल, आणि फैजपूरच्या केळीच्या बागांत शिरला. आज या बागेत तर उद्या त्या बागेत.

"भंगाराची टोळी आहे," आमचे संपादक म्हणाले. "खेड्यात नेऊन वायरी जाळतात, तांबं काढतात आणि उरलेलं बागांत पुरतात. जा तुम्ही. पण छापायच्या आधी कंपनीला पुरावा द्यावा लागेल. दुकान, माणूस, सगळं नावानिशी आणा." मला तर चेवच चढला. सुती ओढणी, पाण्याची मोठी बाटली आणि गुणपत्रिकेचे कागद घेऊन निघाले.

धुळे

धुळ्याचं ऊन मला बसस्टँडवरच भेटलं आणि परत निघेपर्यंत सोबत राहिलं. आमच्याकडं उन्हाळ्यात माणसं दुपारी जरा पडतात. इथं दुपारी अख्खं गाव दार ओढून घेतं, आणि रस्त्यावर माझ्यासारखी बाहेरची माणसं नि कुत्री, तीही सावलीतली.

दुकानाचे शेठजी मूळचे राजस्थानचे. पण तीन पिढ्या धुळ्यात गेल्यामुळं त्यांची भाषा ऐकून कोण कुठला ते सांगता येत नाही. मी कोण, कशाला आले हे सगळं सरळ सांगितलं, चकतीचं तेवढं ठेवलं पोटात. "पहले ताक घ्या ताई, मग तपासणी," असं म्हणून त्यांनी भरपूर जिऱ्याचं ताक पुढं केलं. हिरवं खोकं दाराशीच होतं, स्वच्छ पुसलेलं. वाकून पाहिलं तर आत दोन चार्जर, बाकी रिकामं.

"गाडी येते का न्यायला?"

"येते ना. काय रे गुलाब?"

कंपनीचं नाव छापलेला टीशर्ट घातलेला एक चाळिशीचा माणूस खोक्याजवळ फडकं घेऊन उभा होता. "येस ना शेठ," तो म्हणाला, म्हणजे येते.

"शेवटची कधी आली?"

"येस," तो पुन्हा म्हणाला आणि पुसलेलं खोकं परत पुसायला लागला. पाणी इथंच मुरतंय, हे मी ताडलं.

शेठजी फोनवर गुंतले तेव्हा मी गुलाबभाऊंना माणसांबद्दलचे प्रश्न विचारून घेतले. पगार एजन्सी देते, एजन्सी नाशिकची. शर्ट कंपनीचा. हुकूम शेठचा. सुटी मागायची तर तिघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात. "मग तुम्ही नक्की कुणाचे?" मी विचारलं. ते पहिल्यांदा हसले. "मी मनी मायना शे, ताई." आपल्या आईचे, म्हणे.

हा माणूस मला आवडला, हे इथंच सांगून टाकते. तरी नाव मी टिपून घेतलं. कामाला आले होते.

जेवायला शेवभाजी घेतली. नाशिकची मिसळ तिखट असते असं मी आयुष्यभर लोकांना अभिमानानं सांगत आले. आता सांगणार नाही. पहिल्या घासाला कानातून वाफ गेली, दुसऱ्याला डोळे भरले, आणि तिसऱ्याला मी रस्सा आणखी मागितला. वाढणारा म्हणाला, "ताई, ही तर पाव्हण्यांसाठी फिकी केलीय."

पारोळा

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं पारोळा. किल्ला बसमधूनच पाहिला. बाजार समितीपासून रिक्षा केली आणि ठिपका जिथं मुक्कामाला होता त्या खेड्यात उतरले. कडुनिंबाला आखाजीचा झोका अजून लटकत होता. आमच्याकडं या सणाला सोनं घेतात आणि आंबा खायला सुरुवात करतात. इथं सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि जाताना भावानं काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय निघत नाहीत. पण माझं तेव्हा झोक्याकडं लक्ष नव्हतं. समोरच्या घरामागून धूर येत होता. काळा, दाट, भसाभसा.

मी कामाला लागले. ओढणी नाकाला बांधली, फोन काढला, धुराचे लांबून फोटो घेतले. भिंतीच्या कडेकडेनं मागं गेले. मनात मथळासुद्धा तयार झाला होता.

मागं एक म्हातारी बाई चुलीपुढं बसली होती. चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, धडाडत होत्या. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि बाईच्या दोन्ही हातांवर पसरत चाललेली, माझ्या ओढणीएवढी पुरणपोळी. तिनं ती अलगद खापरावर टाकली आणि मग माझ्याकडं, माझ्या तोंडाच्या फडक्याकडं आणि रोखलेल्या फोनकडं पाहिलं.

"उभी काब्र ऱ्हायनी, माय? ये, बठ," ती म्हणाली. "जेवाले येल शे ना?"

काय सांगणार? फडकं सोडलं आणि बसले.

त्या जिजाअक्का. घरी जावयाकडचे पाहुणे येणार होते, म्हणून खापर चढलं होतं. मी धुळ्याच्या दुकानाचं नाव घेतलं, कंपन्यांची तपासणी करते म्हटलं, तसा त्यांचा चेहरा उजळला. "मना गुलाब तठेच शे. कंपनीमा." आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी आली, वर तुपाची धार, बाजूला आमरसाची वाटी, झणझणीत रशी, कुरडई. खाता खाता मी विचारलं, आखाजीला पोरगी आली होती का? आली होती ना, मंगा, फैजपूरला दिलेली. "गुलाबनी बहीनले गानाना बाजा दिधा यंदा. बंद व्हता, पारोळामा दुरुस्त करीसन दिधा. इतला खूश व्हयनी पोर."

घास तोंडात तसाच राहिला. टोळी नव्हती, तांबं नव्हतं. माझा स्पीकर आखाजीला माहेरी आला होता आणि लेकीबरोबर सासरी गेला होता. आणि तो खोक्यातून काढणाऱ्या माणसाचं नाव माझ्या पर्समध्ये होतं. त्याची आई मला वाढत होती. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि आमरस मात्र अप्रतिम होता.

तेवढ्यात जिजाअक्कांनी कौतुकानं लेकाला फोन लावला, तुझ्या कंपनीच्या बाई घरी जेवताहेत म्हणून. मग फोन माझ्याकडं आला. मी झोक्यापाशी जाऊन बोलले.

"ताई, तुमले समजनं का?"

"समजलं, गुलाबभाऊ."

मग ते भडाभडा बोलले. दिवाळीपासून गाडी आलीच नव्हती. खोकं वाहायला लागलं. कंपनीला फोन केला तर 'नोंद घेतली आहे'. शेठ म्हणाले, माझ्या दारातली घाण काढ. भंगारवाला रोज मागायला यायचा. "पन तो वायरी जाळस ताई, नदीना काठले. मी नही दिधं. बठ्ठं पोतामा भरीसन मना घर ठेवेल शे. एक हाऊ स्पीकर तेवढा दिधा. आखाजी व्हती, पगार उना नही व्हता." मग म्हणाले, "एजन्सीले समजनं तं मनी नोकरी जाई."

हे मलाही ठाऊक होतं. कंपनीच्या वेबसाइटवर गुलाबभाऊ कुठंच नाहीत. पण काही हरवलं, की त्यांना शोधून काढायला कंपनीला पाच मिनिटं लागणार नाहीत. मी म्हटलं, "आधी मला स्पीकर डोळ्यांनी पाहू द्या, मग बघू." दुसरं काही सुचलंच नाही.

निघताना जिजाअक्कांनी स्टीलचा भलामोठा डबा माझ्या हातात दिला. खाली पोळ्या, वरच्या पुडात आमरस. "फैजपूरले चालनी ना? मना मंगाले देजो. आनि डबा परत येवाले पाहिजे बरं का."

फैजपूर

जळगावच्या बसस्टँडवर गाडी बदलताना डबा आडवा झाला. आमरसाला वाट हवीच होती. बॅग उघडली तेव्हा गुणपत्रिकेचे कागद केशरी झाले होते, आणि 'पर्यावरण' या रकान्यावर चांगला जाड थर होता. शेजारची बाई म्हणाली, "हापूस नाही ना?" नाही म्हटल्यावर तिला हायसं वाटलं.

तापी ओलांडली की जमीन रंग बदलते. तोपर्यंत सगळं भाजलेलं, करपलेलं, आणि एकदम केळीच. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवा अंधार, मागं सातपुडा. यावल मागं टाकून फैजपूरला उतरले, तर भाषेनंही रंग बदललेला. पारोळ्याचं 'शे' इथं कुठं ऐकू येईना. चहावाल्याला मी मोठ्या ऐटीत "साखर बठ्ठी नको", म्हणजे सगळी नको, म्हटलं, तर त्यानं मला शांतपणे विचारलं, "धुळ्याकडच्या का?"

ठिपका गावाबाहेरच्या एका बागेत होता. शोधावं लागलं नाही, गाणं ऐकू येत होतं. केळीच्या घडांना निळ्या पिशव्या चढवणाऱ्या बायकांची टोळी काम करत होती आणि एका घडाच्या दांड्याला सुतळीनं बांधलेला माझा स्पीकर मोठ्यानं वाजत होता. माझ्या घरी असताना हा कधी इतका गायला नव्हता.

"मंगा कोण?" मी विचारलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची बाई पुढं आली. तिनं आधी डबा ओळखला, मग माझ्याकडं पाहिलं. "मनी मायना डबा."

केळीच्या सावलीत बसून सगळ्यांनी पोळ्या खाल्ल्या. आमरसाचं काय झालं ते मी सांगितलं, तेव्हा माझ्या बॅगेला सगळ्यांनी नावं ठेवून झाली. मग मी चकतीची गोष्ट सांगितली आणि रबर उचलून ती काढून दाखवली.

"म्हंजे इतला दिन तुम्ही माले दखी ऱ्हायनात?" मंगा म्हणाली.

"तुला नाही गं, स्पीकरला." पण मला जरा ओशाळायलाच झालं. ठिपक्यामागं कुणी माणूस असेल, हे मी धरलंच नव्हतं.

"मी कशी दिसू त्यामा?"

"ठिपका दिसतो नुसता."

"ठिपका? बस?" बायका हसल्या. "मन्या सासूले सांगा, ती म्हनस मी दिसभर फिरस."

भावानं खोक्यातून काढलेला स्पीकर आहे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. त्यात तिला काही कमीपणा वाटला नव्हता. "त्यानी फुकट नही दिधा. दुरुस्त करीसन दिधा." पण यामुळं गुलाबभाऊंची नोकरी जाऊ शकते, हे मी सांगितलं, तसं तिचं हसू गेलं. ती उठली, गाणं बंद केलं, सुतळी सोडली आणि स्पीकर माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"ली जा ताई. मना भाऊनी नोकरी ऱ्हावू द्या."

बाकीच्या बायका पिशव्यांशी चाळा करत राहिल्या. नेमका तेव्हाच संपादकांचा फोन आला. "सापडला का माणूस? नाव काय त्याचं?"

मी मांडीवरच्या स्पीकरकडं पाहिलं. बुडाला माझ्या हातचा ओरखडा होता, मी घरी खिळ्याला टांगताना पडलेला. आणि डोक्यात उजेड पडला.

"सापडला," मी म्हटलं. "स्पीकर सापडला. कंपनीनं तो नेलाच नाही, दिवाळीपासून त्यांची गाडीच आलेली नाही. मी ठेवला होता, मीच परत घेतला. आत्ता माझ्या मांडीवर आहे. वस्तू माझी, मला मिळाली. चोरी कुठं झाली?"

"अहो, पण मधल्या माणसाचं..."

"मधल्या माणसानं बाकीच्या वस्तू भंगारात जाळायला दिल्या नाहीत, हे छापा. आणि कंपनी त्याला आपला म्हणत नाही, हेही छापा. नाव छापायचं तर कंपनीचं छापा, तिचीच गुणपत्रिका आहे ना?" संपादक थोडा वेळ कुरकुरले. मग म्हणाले, "बाई, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." म्हणजे पटलं.

फोन ठेवला आणि मंगाला समोर बसवलं. "हे बघ, मी तुझ्या माहेरची पुरणपोळी खाऊन आलेय. आखाजी होऊन फार दिवस झाले नाहीत. माहेराकडून आलेली बाई रिकाम्या हातानं कशी येईल?" आणि स्पीकर तिच्या हातावर ठेवला. कुणाच्या तरी पिशवीत कुंकवाची डबी निघाली. मंगानं मला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला, डोळे पुसले. मीही पुसले, शेवभाजी नसताना.

मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "थांबा. हाऊ तं तुम्ही दिधा. मंग मना भाऊनी माले काय दिधं?"

टोळीनं एकमतानं निर्णय दिला, की भावानं काहीच दिलं नाही. मंगानं तिथल्या तिथं फोन लावला. "गुलाबदादा, तुनी आखाजी बाकी शे, बरं का." पलीकडं काय चाललंय हे त्या माणसाला कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतका हसला, की स्पीकर बंद असूनही सगळ्या बागेला ऐकू गेलं.

मी निघाले तेव्हा तिनं डबा घासून, पुसून, केळीच्या वेफर्सनी गच्च भरून दिला. "रिकामा देवो नही," ती म्हणाली. परतताना पारोळ्याला उतरले. जिजाअक्कांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, एक वेफर चाखला आणि डबा फळीवर त्याच्या जागेवर ठेवला. वस्तू परत घेण्याची एवढी चोख व्यवस्था मी एकाही कंपनीच्या वेबसाइटवर वाचलेली नाही.

पुन्हा नाशिक

अंक निघाला. 'जुनी वस्तू परत घेणे' या रकान्यात त्या कंपनीला शून्य पडलं, आणि 'विकणारे व उचलणारे कामगार' या रकान्यातही शून्य. कंपनीचं गोड भाषेत पत्र आलं: संबंधित दुकान व कर्मचारी यांचा तपशील कळवावा, म्हणजे योग्य ती कारवाई करता येईल. मी उत्तर लिहिलं, सगळ्याच दुकानांत गाडी पाठवा, त्यात तेही येईल.

पावसाळा लागता लागता गुलाबभाऊंचा फोन आला. "ताई, गाडी उनी. बठ्ठी पोती लई गयी." शर्ट अजून कंपनीचाच आहे आणि पगार अजून एजन्सीच देते, तो रकाना पुढच्या वर्षीही मी सोडणार नाही. पण नोकरी आहे, आणि मंगाला साडी पोचली. शेवटी ते म्हणाले, धुळ्याहून एक जण नाशकाला निघालाय, आईनं तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय.

जिजाअक्कांचा तोच डबा आला, सांजोऱ्यांनी भरलेला. सांजोऱ्या आमच्याकडं फार टिकल्या नाहीत. डबा मात्र ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होता. शेवटी काल नाशिकचा चिवडा आणून तो काठोकाठ भरला, आणि आज सकाळी पिशवी घेऊन दाराबाहेर पडले तर काकू समोर उभ्या.

"परत खानदेश? लग्न की मयत?"

म्हटलं, "डबा."